चुकून की मुद्दाम

ऑफिसात आली की ती आधी पर्स खुर्चीला अडकवायची, मग बंद पडद्यावर उजवा तळहात टेकवायची आणि मनातल्या मनात म्हणायची, "देवा, आज कुणाचं नाव येऊ देऊ नकोस." मगच बटण दाबायची. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, बाई धूळ पुसतेय.

देव तिचं ऐकत नसे असं नाही. ऐकायचा, पण रोज नाही.

कंपनी झाकणांचे साचे बनवायची. बाटलीचं झाकण, डब्याचं झाकण, मलमाच्या नळीचं टोपण. बाहेरचे लोक हसायचे, पण झाकणाचे आटे केसभर चुकले तर आतलं औषध वाया जातं, आणि नवं झाकण बाजारात यायच्या आधी दुसऱ्या कुणाच्या हाती लागलं तर गिऱ्हाईक वाया जातं. पूर्वी ती जावक खिडकीत बसायची. साचा असो की कागदाची गुंडाळी, तिचा शिक्का बसल्याशिवाय फाटकाबाहेर काही जात नसे. म्हणून सगळे तिला जकातबाई म्हणायचे. पुढे कागद संपले, नकाशे संगणकात गेले, खिडकीवर जाळं धरलं. साहेबांनी तिला वर बोलावून सांगितलं, "बाई, बाहेर जाणारं तुम्हीच बघत होतात. आताही तेच बघायचंय. फक्त शिक्का नाही."

यंत्रणा बसवायला आलेल्या पोराने तिला दोन दुपारी शिकवलं.

"काकू, कुणी कंपनीची फाइल स्वतःच्या खासगी मेलवरून पाठवायला गेलं की ती इथेच अडकणार. त्याच्या पडद्यावर लाल पट्टी, तुमच्या यादीत त्याचं नाव."

"आणि ऑफिसच्या मेलवरून पाठवली तर?"

"ती जाऊ द्यायची. तिची नोंद आपल्याकडे राहते, कुणाला गेली ते कळतं. खासगी मेलवर फाइल गेली की आपला हात संपला. माणूस नोकरी सोडून गेला तरी फाइल त्याच्याचकडे."

हे सगळं कशामुळे झालं ते तिला ठाऊक होतं. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या नव्या टोपणाचा नकाशा दुसऱ्याच कारखान्यात निघाला होता. इथल्याच कुणीतरी तो स्वतःच्या मेलवर पाठवून घेतला होता. तो माणूस नोकरीवरून गेला, गिऱ्हाईक कसंबसं राहिलं, पण त्यांनी अट घातली: पुन्हा असं काही घडताना दिसलं, तर नाव आम्हालाही कळवा.

म्हणून रोज दुपारपर्यंत आदल्या दिवसाची यादी साहेबांकडे जायची. प्रत्येक नावापुढे दोन रकाने. एक 'चुकून', दुसरा 'मुद्दाम'. कशात खूण करायची ते जकातबाईने ठरवायचं. 'चुकून' असेल तर तोंडी समज. 'मुद्दाम' असेल तर त्याच दिवशी संगणक बंद, चौकशी, आणि गिऱ्हाइकाला पत्र.

पहिले काही दिवस गंमतच होती. हिशेबातल्या बाईने सुट्ट्यांची यादी नणंदेला पाठवायला घेतली आणि लाल पट्टी बघून किंचाळली. विक्रीतल्या एका बोलघेवड्याने कविता लिहिली होती, तीही कंपनीच्या कोऱ्या पत्रावर. वर कंपनीची खूण होती म्हणून ती अडकली. कवितेत कंपनीचं गुपित काही नव्हतं, दुसरंच होतं. जकातबाईने 'चुकून'मध्ये खूण केली. पुढे आठवडाभर तो बिचारा तिला बघून जिन्यावरून उलटा फिरायचा. भांडारातल्या एकाने दुसरीकडे नोकरीसाठी अर्ज पाठवायला घेतला, सोबत आपल्या कामाचा नमुना म्हणून कंपनीचा तक्ता जोडलेला. तो नोकरी सोडतोय हे त्याच्या बायकोच्या आधी हिला कळलं. तक्ता काढायला लावला आणि गप्प बसली.

पण गप्प बसण्याचंही ओझं असतं. जावक खिडकीत पेट्यांचं वजन उचलून पाठ दुखायची, ती झोपलं की बरी व्हायची. हे दुखणं तसं नव्हतं. ती पाणी प्यायला उठली तरी लोक पडदे खाली करायचे, चहाच्या टेबलाशी गेली की गप्पा एकदम हवापाण्यावर यायच्या. ज्यांच्या बाळंतपणाला ती डबे घेऊन गेली होती त्या मुलीसुद्धा हल्ली तिला जपून हसायच्या.

घरी नवरा दार उघडतानाच विचारायचा, "काय मग, किती गाड्या अडवल्या आज?" तो बसच्या कारखान्यात मेकॅनिक होता, आता निवृत्त. चहा मात्र झकास करायचा.

"तुम्हाला हसायला काय जातं!" असं म्हणून ती देवापुढे दिवा लावायची आणि भिंतीला टेकून नुसती बसून राहायची.

एवढ्या सगळ्या माणसांत तिच्याशी पहिल्यासारखं बोलणारा एकच होता, मास्तर. नकाशे काढणाऱ्यांतला सगळ्यांत जुना. खोलीतल्या निम्म्या पोरांना रेघ कशी मारायची ते त्याने शिकवलेलं, म्हणून मास्तर. दुपारी दोघं एकाच टेबलावर जेवायचे, ती जावक खिडकीत होती तेव्हापासून.

"बाई, माझ्या पोळीवर जकात किती?"

"अर्धी."

"घ्या. पण पावती द्या."

मास्तरच्या निवृत्तीला थोडाच काळ राहिला होता. त्याला एकच आस होती, शेवटचं टोपण आपल्या हातचं असावं. नव्या औषधाच्या बाटलीचं काम चालू होतं, लहान मुलांना उघडता येऊ नये असं टोपण. तो त्याच्याबद्दल जेवता जेवता बोलायचा, जसं कुणी नातवाबद्दल बोलतं.

आणि एका सकाळी पडद्यावर हात ठेवून, देवाचं नाव घेऊन तिने यादी उघडली, तर मास्तरचं नाव.

त्याच टोपणाचा नकाशा. स्वतःच्या खासगी मेलवरून, स्वतःलाच.

तिने 'चुकून'मध्ये खूण केली आणि जेवताना हळूच म्हणाली, "मास्तर, काल लाल पट्टी आली ना?"

"आली. घाबरलोच मी. वाटलं, पडद्याला नाकातून रक्त आलं."

"गंमत नाही. नवा नियम आहे. आता घरी पाठवायचं नाही."

"नाही पाठवत," तो म्हणाला, आणि डब्याचं झाकण लावायला लागला. त्या दिवशी त्याने पोळीवरची जकात दिली नाही.

त्यानंतर मास्तर बदलला. काम लांबायला लागलं. साहेब दोनदा नकाशांच्या खोलीत येऊन गेले. मास्तर दुपारी जेवायलाही टेबल सोडेना. शेजारी बसणारी चुणचुणीत मुलगी, तिला सगळे चिमणी म्हणायचे, ती जकातबाईला हात धुताना म्हणाली, "मावशी, मास्तरांचं काहीतरी बिनसलंय. जरा जरा वेळाने मला हाक मारतात. 'चिमणे, परीक्षा घेतो तुझी, हा आकडा सहा का आठ?' मी सांगते. म्हणतात, 'पास!' एवढ्या परीक्षा कशाला घेतात कोण जाणे."

दोघी हसल्या आणि गोष्ट तिथेच राहिली.

मग तो दिवस आला. दुपारची यादी देऊन झाल्यावर नव्या यादीत मास्तर पुन्हा आला. या वेळी फाइलचं नाव होतं 'लग्नाचे फोटो'. आत टोपणाचा नकाशा.

नाव बदलून पाठवणं म्हणजे लपवणं. याला 'चुकून' कोण म्हणेल? आणि 'मुद्दाम' म्हटलं तर आयुष्यभर रेघा मारलेला माणूस चोर म्हणून फाटकाबाहेर जाणार, त्याचं नाव दुसऱ्या कंपनीतसुद्धा पोचणार. यादी द्यायची होती दुसऱ्या दिवशी दुपारी.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "आज बरीच मोठी गाडी अडवलेली दिसते."

"मास्तर."

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मास्तरला तो ओळखत होता, या दोघांच्या मुलीच्या लग्नात मास्तरने पाहुण्यांना पाणी वाढलं होतं.

"विकायला पाठवत असेल?"

"छे! मास्तर?"

"मग कशाला?"

"तेच कळत नाही."

"मग विचार की. तुला अडवायला बसवलंय, ओळखायला नाही. माझ्याकडे गाडी आली की मी आधी ड्रायव्हरला विचारायचो, काय आवाज येतो म्हणून. न विचारता बॉनेट उघडलं की दिवस फुकट जायचा."

तिला राग आला, कारण ते बरोबर होतं. ती जेवली नाही. देवापुढे मात्र बराच वेळ बसली. मागायचं काय तेच सुचेना, म्हणून नुसती बसली.

सकाळी ती स्वतःच्या खुर्चीत न जाता सरळ नकाशांच्या खोलीत गेली. मास्तर पाठमोरा होता. नाक पडद्याला लागेल इतका वाकलेला. डोळा एक मिटलेला, दुसरा ताणलेला. मग त्याने मान वळवली आणि कोपऱ्यातून, जशी कोंबडी दाणा बघते तसं, तिरकं बघितलं. "चिमणे," तो हसत म्हणाला, "परीक्षा! सहा का आठ?"

जकातबाईला सगळं एकदम कळलं. तिने दाराची चौकट धरली.

त्याला तिने जिन्यावर बोलावलं. तो आला, कठडा चाचपत. हेही तिने इतके दिवस बघितलं नव्हतं.

"कधीपासून, मास्तर?"

"काय कधीपासून?"

"माझ्यापुढे नको. कधीपासून दिसत नाही?"

तो पायरीवर बसला. म्हणाला, "दिसतं. मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. तुमचं तोंड दिसत नाहीये आत्ता, पण कान दिसतायत. डॉक्टर म्हणाला, आहे हे टिकवायचं, परत काही येणार नाही."

"आणि फाइल?"

"मुलीने तिचा मोठा टीव्ही माझ्या टेबलावर लावून दिलाय. टोपण बादलीएवढं दिसतं त्यात, बाई. इथे दिवसभर काम केल्यासारखं करायचो, घरी गेलो की चहा घेऊन खरं काम करायचो, सकाळी परत पाठवायचो. चाललं होतं. तुमची ती पट्टी आली आणि बसलं सगळं."

"साहेबांना सांगा ना."

"नाही."

"अहो, मोठा पडदा इथेच देतील."

"देतील की चौकशी करतील? नकाशात केसाएवढी चूक चालत नाही. ज्याला मधलं दिसत नाही त्याच्या हातात कोण ठेवेल टोपण?" तो कठड्याशी बोलावं तसं बोलत होता. "चोर म्हटलं तर लोक चार दिवस बोलतील. आंधळा म्हटलं तर आजच काम काढून घेतील. 'चुकून' लिहा, बाई. इतकी वर्षं अर्धी पोळी दिलीय."

"लग्नाचे फोटो चुकून कसे होतील, मास्तर?"

"मग 'मुद्दाम' लिहा. पण डोळ्यांचं बोलायचं नाही. शपथ आहे तुम्हाला."

"शपथा घालू नका. मी देवाला मानते, मला जड जातं," ती म्हणाली. "दुपारपर्यंत आहे माझ्याकडे. तुम्ही या. तुमचं तुम्हीच सांगायचं, मी नाही सांगणार."

तो आला नाही. तिने यादी समोर घेतली. बाकीची नावं झाली. मास्तरच्या नावापुढे ती 'चुकून'वर गेली, परत आली. 'मुद्दाम'वर गेली, परत आली. दोन्ही खोटं होतं. तिने दोन्ही रकाने कोरे ठेवले आणि कागद घेऊन साहेबांच्या दारावर टकटक केली.

साहेबही दमलेलेच होते. त्यांनी कागदावरून नजर फिरवली. "बाई, इथे खूण राहिली."

"राहिली नाही. बसत नाही."

"म्हणजे?"

"फाइल बाहेर गेलेली नाही, पट्टीने अडवली. विकायला तर नव्हतीच. कशाला होती ते मास्तरांना विचारा. पण चौकशीला बोलावू नका, चहाला बोलावा."

"मला वर उत्तर द्यायचंय, बाई. तिकडे गिऱ्हाईक बसलंय डोक्यावर."

"मलाही द्यायचंय वर," ती म्हणाली. साहेबांना ते कळलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी फोन उचलला.

मास्तर आला. तिच्याकडे त्याने अशी पाठ केली की ती एका बाजूला सरकली. चहा आला, कुणी घेतला नाही.

"कुणाचं लग्न हो, मास्तर?" साहेबांनी मऊ आवाजात विचारलं. साहेबांनी पडदा त्याच्याकडे फिरवला. "ही नोंद. तुमचं नाव, फाइल, वेळ. वाचा आणि तुम्हीच सांगा, यात चुकीचं काय आहे."

मास्तर पुढे वाकला. त्याला गप्प बसता आलं असतं. 'बरोबर आहे, साहेब' म्हणता आलं असतं, आणि तो चोर म्हणून गेला असता. जकातबाई देवाचं नाव घेत भिंतीकडे बघत होती. त्याने मान तिरकी केली, आधी डावीकडून, मग उजवीकडून. नाक पडद्याला लागलं. स्वतःचं नाव त्याला सापडेना.

"साहेब," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला, "दिसत नाही मला."

साहेबांना वाटलं, चष्मा विसरला. त्यांनी अक्षर मोठं केलं.

"अजून," मास्तर म्हणाला. "अजून मोठं करा. बादलीएवढं."

मग त्याने सगळं सांगितलं. चहावर साय धरली.

चोर कुणी म्हणालं नाही. गिऱ्हाइकाला पत्र गेलं नाही. पण पट्टी यायच्या आधी जे नकाशे मास्तरच्या घरी गेले होते ते तिथे ठेवता येत नव्हते. ते पुसून घ्यायचं काम कुणाचं? जकातबाईचंच. यंत्रणावाल्या पोराला घेऊन ती त्याच्या घरी गेली. मुलीने पाणी दिलं, पण पेला टेबलावर जरा जोरात ठेवला. खोलीभर तो टीव्ही होता. त्यावर मास्तरचं टोपण उघडलेलं, आटे रस्त्यासारखे रुंद. पोरगा एकेक मेल पुसत गेला. मास्तर प्रत्येक मेलमध्ये स्वतःला एक ओळ लिहायचा. एक तिने नको नको म्हणत वाचली: 'डावी कड उद्या बघ. आता जेवून घे.' मग तिने नजर छतावर ठेवली, काम संपेपर्यंत.

मास्तर बाल्कनीत उभा होता. निघताना ती म्हणाली, "येते, मास्तर." त्याने मान हलवली, पण नक्की कुणाकडे बघून, ते कळलं नाही.

टोपण चिमणीकडे गेलं. मास्तरला मोठ्या कागदावर छापलेले नकाशे आणि नवी भरती झालेली पोरं देण्यात आली, शिकवा म्हणाले. बोटांनी रेघ दाखवत तो शिकवायचा. जेवायला मात्र तो पोरांच्यात बसू लागला. जकातबाई एकटीच जेवायची. पोळी अर्धी उरायची, ती घरी नेऊन नवऱ्याला द्यायची. तोही मुकाट्याने खायचा, गाड्यांचं काही विचारायचा नाही.

साहेबांनी यादीत तिसरा रकाना करून घेतला, 'विचारायला हवं'. सगळ्यांना वाटलं, जकातबाईचं काम हलकं झालं. झालं उलटंच. पूर्वी बसल्या जागी खूण करून मोकळी व्हायची, आता प्रत्येकाच्या टेबलापर्यंत जिने चढून जावं लागायचं, पदराने घाम पुसत विचारावं लागायचं, "बाबा रे, कशाला पाठवत होतास?" आणि लोक सांगायचे. त्यांना एकदा विचारलं की थांबतच नसत. कुणाची आई आजारी, कुणाचा घरचा संगणक बिघडलेला, कुणाला साहेबांची भीती. ते सगळं ऐकून संध्याकाळी तिच्या अंगात चहा प्यायचंही त्राण उरत नसे.

एका दुपारी ती डबा उघडून नुसतीच बसली होती. समोरची खुर्ची सरकली. मास्तर बसला, टेबलाची कड चाचपून. खिशातून त्याने गोळ्यांची पट्टी काढली आणि चांगली मोठ्याने, आजूबाजूच्या टेबलांना ऐकू जाईल अशी हाक दिली, "बाई, मला दिसत नाहीये. हे सहा लिहिलंय का आठ?"

तिने पट्टी उजेडाकडे धरली.

"आठ."

"नीट बघा. तुमचाही चष्मा जुना झालाय."

"आठच आहे, मास्तर. रात्री आठला घ्यायची आहे."

"बरं." त्याने पट्टी खिशात ठेवली, डबा उघडला, पोळीची घडी बोटांनी चाचपून मधोमध फाडली आणि अर्धी अंदाजाने पुढे सरकवली. ती टेबलावरून पडता पडता तिने धरली. दोघांनी खाल्लं.

हात धुऊन ती उठली. तिसऱ्या रकान्यात अजून तीन नावं बाकी होती आणि तिन्ही वरच्या मजल्यावरची. "देवा," असं म्हणत तिने कठडा धरला.